पदकांमागची संस्था

पॅरिस येथे २०२४ साली झालेल्या पॅरालिम्पिक स्पर्धांत भारतीय खेळाडूंनी ७ सुवर्णपदकांसह एकूण २९ पदके मिळविली. टोकिओच्या स्पर्धांत ही संख्या १९ होती आणि २०१६ साली रिओमध्ये अवघी ४. या यशाबद्दल खेळाडूंचे कौतुक करावे तेवढे थोडेच आहे. परंतु पदकांच्या झगमगाटात एक प्रश्न झाकला जाऊ नये. या खेळाडूंना जागतिक मैदानापर्यंत नेणारी जी राष्ट्रीय संस्था, ती त्यांच्या कर्तृत्वाला साजेशी आहे काय?

या देशात दिव्यांग खेळाडूंचा पराक्रम संस्थेच्या आधी जन्माला आला. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेले सांगली जिल्ह्यातील जवान मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली हायडेलबर्ग येथे ५० मीटर पोहण्याची शर्यत ३७.३३ सेकंदांत जिंकली आणि भारताला पॅरालिम्पिकमधील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. त्या वेळी आजची भारतीय पॅरालिम्पिक समिती अस्तित्वातही नव्हती. ती स्थापन झाली गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात. पेटकरांना ‘पद्मश्री’ मिळण्यास मात्र २०१८ साल उजाडावे लागले.

अशा संस्थेचे काम विजेत्यांच्या गळ्यात हार घालण्यापुरते नसते. दिव्यांगांच्या क्रीडास्पर्धांचा सारा डोलारा वर्गीकरणावर उभा आहे. मैदानी खेळांत ११ ते १३ हे गट दृष्टिदोष असलेल्यांचे, तर ५१ ते ५७ हे बसून फेक करणाऱ्यांचे. खेळाडूचा गट ठरविण्यात चूक झाली तर त्याची वर्षानुवर्षांची मेहनत क्षणात मातीमोल होते. टोकिओ येथे एका भारतीय थाळीफेकपटूचे कांस्यपदक आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या फेरतपासणीनंतर रद्द झाले, ते याच कारणाने. गटाची स्पर्धाच कार्यक्रमातून वगळली गेली तर खेळाडू आणखीच हतबल होतो. देवेंद्र झाझरिया यांनी २००४ साली अथेन्सला भालाफेकीत सुवर्णपदक जिंकले. परंतु २००८ आणि २०१२ च्या स्पर्धांत त्यांच्या गटाची भालाफेकच नव्हती. दुसऱ्या सुवर्णपदकासाठी त्यांना २०१६ पर्यंत थांबावे लागले.

हे सारे जिने सांभाळायचे त्या संस्थेचा इतिहास मात्र अभिमानास्पद नाही. अंतर्गत कलह आणि कारभारातील गोंधळ यांमुळे आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीने २०१५ साली तिला निलंबित केले. फेब्रुवारी २०२४ मध्ये, पॅरिसच्या स्पर्धा काही महिन्यांवर आल्या असताना, निवडणुका वेळेवर घेतल्या नाहीत म्हणून केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने तिच्यावर पुन्हा निलंबनाची कारवाई केली. निवडणूक झाली, ती कारवाई मागे घेण्यात आली आणि खुद्द झाझरिया अध्यक्षपदी आले. स्पर्धेचा अंदाजपत्रकाशी नव्हे तर घामाशी संबंध असलेला माणूस त्या खुर्चीवर बसला, ही स्वागतार्ह गोष्ट होय. तथापि व्यक्ती बदलल्याने रीत बदलतेच असे नाही. पदाधिकाऱ्यांच्या भांडणात पदाधिकाऱ्यांचे फारसे बिघडत नाही. पॅरालिम्पिकसाठी चार वर्षे झटणाऱ्या दिव्यांग खेळाडूला मात्र ठोठावण्यास दुसरे दारच नसते.

२०२५ साली संसदेने संमत केलेल्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने राष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीला ऑलिम्पिक समितीच्या बरोबरीने स्थान दिले आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही क्रीडाक्षेत्रातील त्यांच्या सहभागाची जबाबदारी शासनावर टाकलेली आहे. म्हणजे कायद्यांची वाण नाही. हवी आहे ती वेळेवर निवडणूक, उघड निवडपद्धती आणि जिल्ह्याच्या ठिकाणी वर्गीकरण जाणणारे डॉक्टर व प्रशिक्षक. पॅरिसमध्ये १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक पटकावणारे सचिन खिलारी हे पेटकरांच्याच सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुक्यातले. शाळकरी वयात झालेल्या अपघाताने त्यांचा हात अधू झाला होता. असा एखादा विद्यार्थी आज कोणत्याही शाळेत मैदानाच्या कडेला बसलेला असेल. त्याला खेळात उतरविणे हे शिक्षकाचे काम. पुढची वाट त्याच्यासाठी मोकळी ठेवणे हे राष्ट्रीय संस्थेचे. हे दुसरे काम चोख झाले नाही, तर २९ पदकांचे श्रेय मागण्याचा अधिकार तिला पोहोचत नाही.