आकडा वर जातो, परत येतो का?

महिनाअखेरीला एखाद्या आरोग्य उपकेंद्रात डोकावून पाहा. नर्सताईंसमोर रजिस्टरांची चळत असते. गरोदर मातांचं एक, लसीकरणाचं दुसरं, कुटुंब नियोजनाचं तिसरं. ओळी मोजायच्या, बेरजा मारायच्या, छापील तक्ते भरायचे आणि कागद वर पाठवायचा. आधी प्राथमिक आरोग्य केंद्र, मग तालुका, जिल्हा, राज्य, शेवटी दिल्ली. आकडा एकदा वर गेला की तो माहेरी परत येत नाही. आपल्या भागात गोवरची लस किती मुलांची राहिली, हे ज्या बाईंनी मोजलं त्यांनाच त्याचा उपयोग होत नाही.

एका विद्यापीठातल्या संगणकशास्त्र विभागाने या दुखण्याचा पिच्छा तीस वर्षं पुरवला आहे. ते आहे नॉर्वेतलं ऑस्लो विद्यापीठ.

या पाठपुराव्याची मुळं जरा मागे आहेत. क्रिस्टन न्यूगॉर हे नॉर्वेजियन गणिती. ऑले-योहान डाल यांच्यासोबत त्यांनी १९६० च्या दशकात सिम्युला ही संगणकभाषा घडवली. पुढे जावासारख्या भाषा ज्या विचारावर उभ्या राहिल्या, तो या भाषेतून आला. या कामासाठी दोघांना २००१ सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. पण मला न्यूगॉर यांचं दुसरं काम जास्त मोठं वाटतं. १९७० च्या सुमारास ते लोखंड आणि धातू कामगारांच्या संघटनेबरोबर बसले. कारखान्यात येऊ घातलेला संगणक कामगारांना समजलाच पाहिजे आणि तो कसा असावा हे ठरवताना त्यांचाही शब्द चालला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. ज्याला यंत्र वापरायचं त्याला विचारून यंत्र बनवायचं, ही स्कँडिनेव्हियातली परंपरा अशी कामगारांच्या बैठकांतून रुजली.

त्याच परंपरेत वाढलेले ऑस्लोचे संशोधक यॉर्न ब्रा १९९० च्या दशकाच्या मध्याला दक्षिण आफ्रिकेत पोहोचले. वर्णद्वेषी राजवट नुकतीच संपली होती, पण मागे तिचा पसारा उरला होता. वंशांनुसार वेगळी, काळ्या लोकांसाठी आखलेल्या तथाकथित 'होमलँड'नुसार वेगळी, अशी एकूण १४ आरोग्य खाती, आणि प्रत्येकाची मोजण्याची रीत निराळी. एका खात्याच्या तक्त्यात 'बालक' एक वर्षाच्या आतलं आणि दुसऱ्याच्या तक्त्यात पाच वर्षांच्या आतलं असेल, तर त्या दोघांची बेरीज काय कामाची?

केप टाऊनमधली विद्यापीठं, आरोग्य कर्मचारी आणि ऑस्लोचे संशोधक यांनी मिळून मिचेल्स प्लेनसारख्या भागांत काम सुरू केलं. हा भाग वर्णद्वेषी सरकारने 'कलर्ड', म्हणजे मिश्रवंशीय, ठरवलेल्या लोकांसाठी वसवला होता. त्यांनी शोधलेली युक्ती साधी होती. सगळ्यांनी सगळं कळवायचं नाही. सर्वांना बंधनकारक असे मोजकेच आकडे वर जातील. त्याखेरीज प्रांताला, जिल्ह्याला, दवाखान्याला आपापल्या गरजेचं जे मोजायचं असेल ते मोजायची मोकळीक राहील. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. वरचा प्रत्येक कार्यक्रम खाली स्वतःचा तक्ता धाडतो.

यासाठी त्यांनी डीएचआयएस नावाचं मोफत सॉफ्टवेअर लिहिलं. पुढे ते देशभर गेलं.

डिसेंबर २००० मध्ये हे काम आंध्र प्रदेशातल्या कुप्पम भागात, मोजक्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत सुरू झालं. त्यात पुढाकार होता ऑस्लोतच प्राध्यापक असलेल्या संदीप साहय यांचा. या प्रवासातून या गटाने एक कळीची गोष्ट मांडली. प्रयोग म्हणून निवडलेल्या दहा केंद्रांत संगणक झकास चालतो, पण जिल्ह्यातली उरलेली केंद्रं कागदावरच असली, तर जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याला त्या दहांचा उपयोग शून्य. त्याला सगळा जिल्हा तरी हवा, नाहीतर काहीच नको. पथदर्शी प्रकल्प फीत कापल्यानंतर दोन वर्षांत का मरतात, याचं इतकं नेमकं उत्तर मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

सगळा जिल्हा पेलायचा तर तिथली माणसं घडवायला हवीत. त्यासाठी या गटाने विद्यापीठाचीच पद्धत वापरली. मोझांबिकसारख्या देशांतले विद्यार्थी ऑस्लोत पीएच.डी.ला घेतले आणि त्यांचा विषय म्हणजे त्यांच्याच देशातली आरोग्य यंत्रणा. प्रबंध लिहिता लिहिता व्यवस्था उभी राहायची. एका देशातली चूक दुसऱ्याला आयती शिकायला मिळायची.

सॉफ्टवेअरची नवी, इंटरनेटवर चालणारी आवृत्ती, डीएचआयएस २, प्रथम वापरात आली ती आपल्या केरळात, २००६ मध्ये. ती जावात लिहिलेली, म्हणजे न्यूगॉर यांच्या दोन्ही कामांचे धागे इथे एकत्र येतात. २०११ मध्ये केनियाने ती देशभर लावली, तीही जिल्हा कचेऱ्यांत मोबाइलचे डोंगल जोडून.

आकडे गोळा करण्याच्या या कामात शून्याची एक गंमत आहे. तक्त्यात रकाना रिकामा असेल तर त्याचा अर्थ काय? 'या महिन्यात हिवतापाचा रुग्ण नाही', की 'तपासणीच झाली नाही', की 'लिहायचं राहिलं'? वरून दटावणी येते की रकाना कोरा नको, मग बिचाऱ्या नर्सताई शून्य टाकतात. अशी शून्यं साचली की रोग नसलेला जिल्हा आणि तपासणी नसलेला जिल्हा सारखेच दिसू लागतात. संगणक यातलं काही सोडवत नाही. तो चुकीचं शून्य फक्त जास्त वेगाने दिल्लीला पोहोचवतो.

हे सॉफ्टवेअरही निर्दोष नाही. त्यात नवा रकाना जोडणं फार सोपं आहे, आणि हाच त्याचा धोका. मदत देणाऱ्या संस्थांना एड्सचे आकडे वेगळे हवेत, क्षयाचे वेगळे, हिवतापाचे वेगळे. मोजक्या आकड्यांचा मूळ विचार मागे पडून तक्ते पुन्हा फुगतात, आणि भरायला बाई तीच.

पण हाच सोपेपणा अडचणीत कामीही आला. जानेवारी २०२० मध्ये श्रीलंकेत हे काम करणाऱ्या गटाने विमानतळावर उतरणाऱ्या प्रवाशांच्या करोना नोंदींसाठी याच सॉफ्टवेअरवर काही दिवसांत व्यवस्था बांधली. ती इतर देशांनी उचलली. पुढे बाधितांच्या संपर्कात आलेल्यांचा माग ठेवायला खुद्द नॉर्वेतल्या अनेक नगरपालिकांनीही डीएचआयएस २ वापरायला घेतलं.