साक्षीदाराच्या सोबतीला कोण?

जिल्हा न्यायालयाच्या व्हरांड्यात सकाळी अकराच्या सुमारास वकील आणि पोलीस लगेच ओळखू येतात. साक्षीदार ओळखू येतो तो हातातल्या समन्सच्या घडीवरून. रोज बुडवून आलेला, कुठल्या कोर्टात जायचं ते चार जणांना विचारणारा, पुकारा होईपर्यंत भिंतीला टेकून उभा. दुपारी कळतं, पुढची तारीख पडली. न्या. डी. पी. वाधवा यांनी २००० साली स्वर्णसिंग खटल्याच्या निकालपत्रात साक्षीदाराच्या याच हालांची दखल घेतली होती. त्याला ना बसायला जागा, ना प्यायला पाणी. तारखा मात्र एकामागून एक.

साक्षीदार फितूर झाला की पैसा किंवा दहशत एवढीच कारणं आपल्याला सुचतात. ती खरी असतातच. गुजरात दंगलीतल्या बेस्ट बेकरी हत्याकांडाच्या खटल्यात २००३ साली वडोदऱ्याच्या न्यायालयाने सर्व २१ आरोपींना सोडलं, कारण साक्षीदार एकापाठोपाठ एक उलटले होते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये फेरखटला महाराष्ट्रात चालवायला सांगितलं आणि २००६ मध्ये मुंबईत नऊ जणांना जन्मठेप झाली. पण न उलटताही साक्ष कोलमडते. वर्षानुवर्षांच्या खेपांनी थकलेला माणूस उलटतपासणीत गांगरतो, तारखा-वेळा चुकतात आणि त्याच चुकांवर आरोपीचा वकील बोट ठेवतो.

डिसेंबर २०१८ मध्ये महेंद्र चावला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली. अर्ज जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे जातो. धोक्याच्या तीन श्रेणी आहेत आणि पोलिसांनी पाच कामकाजी दिवसांत अहवाल द्यायचा असतो. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९८ नुसार अशी योजना प्रत्येक राज्याने करायचीच आहे. मात्र ही योजना धमकी आलेल्यांसाठी आहे. ज्याला कुणी धमकावलेलं नाही, पण कोर्टाची पायरी चढतानाच ज्याचे पाय लटपटतात, त्याचं काय?

याचं उत्तर शोधण्याची एक वाट महाराष्ट्रातल्याच एका खटल्यातून निघाली. पीडित मुलगी मूकबधिर होती. तिची साक्षच नोंदवली गेली नाही, या मुद्द्यावर उच्च न्यायालयाने आरोपीला सोडलं. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो निकाल फिरवला आणि प्रत्येक उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात असुरक्षित साक्षीदारांसाठी किमान दोन केंद्रं उभारायला सांगितलं. जानेवारी २०२२ मध्ये, पुन्हा महाराष्ट्रातूनच गेलेल्या स्मृती बडदे प्रकरणात, ‘असुरक्षित’ची व्याप्ती वाढली. लहान मुलांबरोबर लैंगिक अत्याचाराला बळी पडलेले प्रौढ, मनोरुग्ण, दिव्यांग आणि जिवाला धोका असलेले साक्षीदारही तिच्यात आले.

अशा केंद्रात साक्षीदाराने वेगळ्या दाराने यावं, वेगळ्या खोलीत थांबावं आणि पडद्याआडून किंवा व्हिडिओवरून बोलावं, म्हणजे आरोपीशी नजरानजर होत नाही. मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या कलम ३३ नुसार वकिलाने मुलाला थेट प्रश्न विचारायचा नाही. तो न्यायाधीशांकडे द्यायचा आणि त्यांनी मुलाला विचारायचा. वाचताना ही तरतूद किरकोळ वाटेल. पण ‘खोटं बोलतेस ना?’ हे वकिलाने अंगावर येत विचारणं आणि न्यायाधीशांनी शांतपणे विचारणं यावर सातवीतल्या मुलीचा पुढचा शब्द अवलंबून असतो.

तरीही माझ्या मते भिंती आणि पडद्यांपेक्षा माणूस मोलाचा. पोक्सो नियमांत त्यासाठी ‘सपोर्ट पर्सन’ची तरतूद आहे. तारीख कधी, सरकारी वकील कोण, आत गेल्यावर कोण कुठे बसतं, जामीन झाला तर पुढे काय, हे सारं त्याने कुटुंबाला समजावून द्यायचं असतं. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला या नेमणुकांबाबत पुन्हा निर्देश द्यावे लागले, यावरून अंमलबजावणीचा अंदाज येतो. अत्याचारपीडितांच्या आर्थिक मदतीसाठी महाराष्ट्रात २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे. पैसा लागतोच, पण उलटतपासणीच्या आदल्या रात्री झोप न येणाऱ्या आईला धीर द्यायला माणूसच लागतो.

हे काम स्वयंसेवी संस्थांच्या चांगुलपणावर सोडून भागणार नाही. ते पगारी, प्रशिक्षित आणि कायम पदावरच्या माणसाचं असायला हवं, आणि फक्त पोक्सोपुरतं नको. खुनाच्या खटल्यातली विधवा किंवा ॲट्रॉसिटीच्या खटल्यात गावाशी वैर पत्करलेला शेतमजूर यांनाही तो हवा. सपोर्ट पर्सन नेमल्यावर चोवीस तासांत विशेष न्यायालयाला कळवायचं, असा २०२० च्या पोक्सो नियमांत दंडक आहे. तोच प्रत्येक सत्र खटल्याला लावावा आणि साक्षीदाराच्या समन्सवर त्या माणसाचं नाव आणि फोन नंबर छापलेला असावा.