खोट्या इशाऱ्यांची गाळणी

कर्जत तालुक्यातील कळंबचा विद्यार्थी मोबाइलवर निकाल पाहतो, तेव्हा ती माहिती पुष्कळदा दूरच्या भाडोत्री संगणककेंद्रातून येत असते. ‘क्लाउड’ म्हणतात ती हीच व्यवस्था. मायक्रोसॉफ्टच्या ‘अ‍ॅझूर’चे असे केंद्र पुण्यात २०१५ साली सुरू झाले.

या व्यवस्थेत फेरफार करण्यापूर्वी काय निर्माण होईल, काय बदलेल आणि काय नष्ट होईल, याची यादी आधीच पाहता येते. ‘अ‍ॅझूर’मध्ये तिला ‘व्हॉट-इफ’ म्हणतात. पुस्तक छापण्यापूर्वी मुद्रिते तपासावीत, तसाच हा प्रकार होय. परंतु या यादीत खोट्या नोंदीही शिरतात. यंत्रणेने स्वतःहून भरलेले एखादे मूल्य आराखड्यात लिहिलेले नसले, की ते पुसले जाणार असे यादी कधीकधी सांगते. प्रत्यक्षात ते जागच्या जागी राहते. हा दोष मायक्रोसॉफ्टलाही मान्य आहे.

धोका खोट्या नोंदीत नाही, तिने लावलेल्या सवयीत आहे. रोज चाळीस पोकळ इशारे वाचणारा मनुष्य एकेचाळिसाव्या, खऱ्या इशाऱ्यालाही डोळे मिटून संमती देतो. ‘लांडगा आला’ ही गोष्ट शाळेत शिकवली जाते ती उगाच नव्हे.

यास्तव गाळणी हवीच. मात्र ती सरसकट नको. शक्य तेथे ते मूल्य आराखड्यातच स्पष्ट लिहावे, म्हणजे खोटा इशारा उद्भवतच नाही. उरलेल्यांपैकी कोणती नोंद कोणत्या कारणाने खोटी, हे पडताळून व लिहून ठेवून तेवढीच गाळावी. माहितीचा साठा नष्ट होण्याची नोंद मात्र कोणत्याही गाळणीत अडकता कामा नये. ती माणसाने स्वतः वाचलीच पाहिजे.