रात्रपाळी, नाडी आणि नजर

मनगटावर तीन बोटे ठेवून शांतपणे नाडी पाहा. श्वास घेताना ठोके किंचित भरभर पडतात, सोडताना मंदावतात. तरुणांत हे जास्त जाणवते. काहीजण तेवढ्याने घाबरून दवाखाना गाठतात. वाचकहो, निरोगी हृदय घड्याळासारखे एका चालीत चालत नाहीच.

माझ्याकडे तळोजा, रसायनीच्या कारखान्यांतील कंट्रोल रूममध्ये बसणारी मंडळी येतात. प्रश्न ठरलेला: "डॉक्टर, काम नुसते बघत बसायचे, मग चूक होते कशी?" नुसते बघायचे, म्हणूनच होते! दुसऱ्या महायुद्धात विमानातील रडारवर पाणबुड्या शोधणाऱ्यांची नजर चुके. केंब्रिजच्या नॉर्मन मॅकवर्थ यांनी त्यावर प्रयोग केले व ते १९४८ साली प्रसिद्ध झाले. टप्प्याटप्प्याने सरकणारा काटा मधूनच दुप्पट उडी मारी, ती टिपायची. पहिल्या अर्ध्या तासानंतरच उड्या जास्त निसटू लागल्या.

याचा हृदयाशी संबंध काय? पुढे अमेरिकेतील लेसी दांपत्याने दाखवले, की अपेक्षित खुणेची वाट पाहताना हृदय क्षणभर मंदावते, तर मनात हिशेब करताना वेग वाढतो. डोक्याला ताण पडला की ठोक्यांतील चढउतार कमी होतो. उलट, काहीच न घडणाऱ्या पडद्यासमोर गुंगी येते, नाडी संथ होते, डोळे मात्र उघडेच! पहाटे तीन-चारला तर विचारूच नका.

आपल्या पनवेलवरून धावणाऱ्या गाड्यांचे चालक व सहचालक सिग्नल मोठ्याने बोलून दाखवतात. अनेक इंजिनांत मिनिटभर काहीच हालचाल झाली नाही, तर आधी दिवा, मग भोंगा, शेवटी ब्रेक लागतो. हे यंत्र नाडी पाहत नाही, हात पाहते. मला ते शहाणपणाचे वाटते. कारण नाडी चहा, तंबाखू, ताप, रक्तदाबाच्या गोळ्या, सगळ्यांनी बदलते. हल्लीच्या मनगटी घड्याळातील एका आकड्यावरून कुणाला कामावर बसवू वा उठवू नये.

जमेल तिथे अर्ध्या तासाने काम आलटूनपालटून करा. उठून मीटर मोठ्याने वाचा. रात्रपाळीआधी दुपारी झोप काढा. चहा सुरुवातीला घ्या, शेवटी नको. गोळ्या मनाने बंद करू नका.

मात्र श्वासाशी मेळ नसलेली वेडीवाकडी नाडी, चक्कर, धाप किंवा छातीत दुखणे असेल, तर तो आळस नव्हे. सुपरवायझरसाहेब, त्याला पडद्यासमोरून उठवा आणि ईसीजीसाठी लगेच पाठवा, सोबत माणूस देऊन.