पहिल्या पंगतीत कोण बसणार?

गणपती बसले की वर्धा जिल्ह्यात घरोघरी आमंत्रणं सुरू होतात. 'महालक्ष्म्या आहेत आमच्याकडे, येजो बरं जेवाले!' पुण्या-मुंबईच्या तुमच्या रूममेटला याचा अर्थ लगेच कळणार नाही. तिकडच्या गौरी म्हणजे आपल्याकडच्या महालक्ष्म्या, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. अनुराधा नक्षत्रावर त्या येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर जेवतात आणि मूळ नक्षत्रावर निघतात. मधला दिवस जेवणावळीचा. 2025 मध्ये तो 1 सप्टेंबरला, सोमवारी आला. तरीही सुट्टी टाकून, रात्रीची गाडी पकडून पोरं घरी आलीच.

कारण ते ताट! पुरणपोळी, कढी, वडे, भजी, कोशिंबीर, सोळा भाज्यांची एकत्र भाजी आणि ज्वारीची आंबील. आपण आधी फोटो काढतो, स्टेटस टाकतो, मग जेवतो. त्यामागचा हिशेब कधी केलाय? घरी चाळीस पानं असतील आणि माणशी दोनच पोळ्या धरल्या, तरी ऐंशी पोळ्या होतात. आंबिलीचं पीठ आदल्या रात्रीच ताकात भिजवावं लागतं. सोळा भाज्या निवडायच्या, चिरायच्या, डाळ शिजवून पुरण वाटायचं. बहुतेक घरांत हे सगळं बायकाच करतात आणि शेवटच्या पंगतीला बसतात. तोवर कढी गार झालेली असते आणि त्यांची भूकही मेलेली असते.

त्यांच्यातही एक जण वेगळी असते. कुणाची आत्या, कुणाची मोठी आई. नवरा गेलाय म्हणून सवाष्णींच्या पंगतीत तिचं पान नसतं. पुरण तिच्याच हातचं सगळ्यांना आवडतं, पण हळदी-कुंकवाची वेळ झाली की तिला आत काहीतरी काम निघतं. कुणी तिला टाकून बोलत नाही, फक्त बोलावत नाही. आणि आपण हे लहानपणापासून बघतोय, म्हणून आपल्याला ते खटकतही नाही.

खरं तर कुणाला आत घ्यायचं, हा प्रश्न वर्ध्याला नवा नाही. इथलं लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाज यांनी 1928 मध्ये तेव्हा अस्पृश्य मानल्या जाणाऱ्यांसाठी खुलं केलं. 1936 मध्ये गांधीजी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले. तिथल्या आश्रमात जातीपातीचा विचार न करता एकाच स्वयंपाकघरातलं जेवण सगळे घेत. अलीकडे, मे 2022 मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तो कित्ता गिरवायला सांगितलं.

पण ठराव काही तुमच्या घरी पाट मांडायला येणार नाही. ते तुम्हालाच करावं लागेल. मात्र पूजेच्या दिवशी, पाहुण्यांसमोर वाद घालू नका. त्यानं आजी दुखावेल आणि आत्याला उगाच अवघडल्यासारखं होईल. आठ दिवस आधी बोला. आधी आत्यालाच विचारा, 'तुला बसायला आवडेल का?' मग आजीला विचारा, 'नैवेद्य झाल्यावर जिनं रांधलं तिलाच पहिल्यांदा वाढलं तर चालेल का?' लगेच 'हो' येईलच असं नाही. पण आजवर हा प्रश्न कुणी विचारलाच नसेल, तर निदान तो घरात निघेल.

आणि वाढायचं कुणी? आपण! ग्रुपमधल्या मित्रांना नुसतं जेवायला नाही, थोडं लवकर बोलवा. दोघांनी भाज्या चिरायच्या, एकानं पुरणयंत्र फिरवायचं, बाकीच्यांनी पंगत सांभाळायची. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर ताटाच्या डावीकडे आणि भाज्या उजवीकडे, एवढं पाठ करायला पाच मिनिटं पुरतात. पोळीवर तूप वाढताना मात्र हात आखडू नका, नाहीतर आजी सगळ्यांसमोर बोलेल!

स्टेटसचा फोटो नंतर काढा. आधी आत्याच्या ताटात गरम कढी वाढा.