संयुक्त दंडाचा पीळ
संयुक्त दंडाचा पीळ : दोन भिन्न धातूंचे भाग एकजीव जोडून बनविलेल्या दंडावर (शाफ्टवर) पीडन परिबल, म्हणजे त्याला अक्षाभोवती पिळू पाहणारे परिबल, लावले असता त्याचे एक टोक दुसऱ्याच्या सापेक्ष ज्या कोनातून वळते तो कोन. धातूंचे भाग एकापुढे एक जोडलेले असल्यास दोहोंतून सारखेच परिबल जाते आणि त्यांचे पीळ-कोन वेगवेगळे काढून बेरीज करतात. एका धातूच्या गाभ्यावर दुसऱ्याचे कवच बसविले असल्यास याउलट घडते : कोन समान राहतो व परिबल विभागले जाते. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे या दुसऱ्या प्रकाराचा विचार केला आहे.

उपयोग : मराठवाड्यातील वाचकास या प्रकाराचे जवळचे उदाहरण साखर कारखान्यात आढळते. परभणी जिल्ह्याच्या सोनपेठ तालुक्यात सायखेडा येथे असा कारखाना उभारण्यात आला. उसाचा रस काढणाऱ्या गिरणीतील रूळ (रोलर) सामान्यतः पोलादी दंडावर बिडाचे जाड कवच तापवून चढवून बनवितात. कवच थंड होताना आकुंचन पावते व दंडाला घट्ट आवळते. झिजलेले कवच उतरवून त्याच दंडावर नवे बसविता येते. उसाला पिळणारा हा रूळ स्वतःही पिळला जातो आणि त्याची गती मंद असल्याने हे परिबल फार मोठे असते. उदा., ३०० किवॉ. शक्ती मिनिटास ४ फेऱ्यांनी नेताना सु. ७१६ किलोन्यूटन मी. परिबल उत्पन्न होते. तीच शक्ती मिनिटास १,५०० फेऱ्यांनी नेल्यास ते केवळ १·९ किलोन्यूटन मी. असते. समुद्राच्या पाण्यापासून रक्षण व्हावे म्हणून जहाजाच्या पंख्याच्या पोलादी दंडावर काशाचे अस्तर चढवितात, तेही याच प्रकारात मोडते.

सिद्धांत : तारांच्या पिळासंबंधीचे नियम फ्रेंच शास्त्रज्ञ कुलंब यांनी १७८४ मध्ये मांडले. वर्तुळाकार छेदाच्या दंडाचा पीळ-कोन क (अरीयमानात) पुढील सूत्राने मिळतो : क = प × ल ÷ (द × न). येथे प हे पीडन परिबल, ल ही लांबी, द हा धातूचा दृढता गुणांक व न हे छेदाचे ध्रुवीय निरूढी परिबल होय. भरीव दंडाच्या व्यासाच्या चतुर्थ घातास ०·०९८२ ने गुणले असता न मिळते. पोकळ कवचासाठी बाहेरील व आतील व्यासांच्या चतुर्थ घातांतील फरक घेतात. गाभा व कवच एकमेकांवर घसरत नसतील, तर दोहोंचा कोन एकच असतो. म्हणून क = प × ल ÷ (द१ × न१ + द२ × न२) आणि प्रत्येक भागाच्या वाट्याचे परिबल त्याच्या द × न या गुणाकाराच्या प्रमाणात असते. वाटणी धातूच्या बलावर नव्हे, तर त्याच्या ताठपणावर ठरते, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

उदाहरण : ६० मिमी. व्यासाच्या पोलादी गाभ्यावर ८० मिमी. बाह्य व्यासाचे काशाचे कवच असून लांबी १ मी. व परिबल ४ किलोन्यूटन मी. आहे. दृढता गुणांक पोलादासाठी ८० व काशासाठी ४० गिगापास्काल धरल्यास द × न हा गुणाकार गाभ्यासाठी १०१·८ आणि कवचासाठी ११०·० किलोन्यूटन चौ. मी. येतो. बेरीज २११·८ असल्याने कोन ४ ÷ २११·८ = ०·०१८९ अरीयमान, म्हणजे सु. १·०८ अंश होय. गाभ्याकडे १·९२ व कवचाकडे २·०८ किलोन्यूटन मी. परिबल जाते. कमाल कर्तरी प्रतिबल गाभ्यात ४५ व कवचात ३० मेगापास्काल असते. कवच अक्षापासून अधिक दूर व अधिक परिबल वाहणारे असूनही पोलादातील प्रतिबल जास्त आहे, कारण त्याचा दृढता गुणांक दुप्पट आहे.

सांध्याची तपासणी : वरील सर्व गणित सांधा घसरत नाही या गृहीतावर उभे आहे. परिबल केवळ गाभ्याच्या टोकांस लावले असल्यास कवचाचा वाटा त्याच्याकडे घर्षणाने पोचतो. सांध्यावरील दाब २० मेगापास्काल व घर्षण गुणांक ०·१५ असल्यास, २·०८ किलोन्यूटन मी. परिबल कवचात उतरण्यास प्रत्येक टोकाशी किमान सु. १२२ मिमी. लांबी लागते. या भागांत कवचाची पूर्ण मदत नसल्याने प्रत्यक्ष पीळ सूत्राने मिळणाऱ्या किंमतीपेक्षा थोडा अधिक असतो. कवच पूर्णपणे सैल झाल्यास सर्व परिबल गाभ्यावर येते. कोन २·२५ अंश आणि प्रतिबल ९४ मेगापास्काल, म्हणजे दोन्ही दुपटीहून अधिक होतात. कासे पोलादापेक्षा उष्णतेने अधिक प्रसरण पावत असल्यामुळे तापलेल्या दंडावर काशाच्या कवचाची आवळ कमी होते, याचाही विचार करावा लागतो.

मर्यादा : हे सूत्र स्थितिस्थापक मर्यादेत व वर्तुळाकार छेदासच लागू पडते. गिरणीच्या रुळाचे जोडणीचे टोक बहुधा चौकोनी असते. तेथे पिळताना छेद सपाट राहत नाहीत, त्यामुळे सेंट-व्हेनंट यांनी १८५५ च्या सुमारास विकसित केलेली पद्धत वापरावी लागते. शिवाय धारव्यांतील (बेअरिंगांतील) भागात व टोकाशी दंडावर कवच नसते आणि दंडातील परिबल तर तेथेच सर्वाधिक असते. म्हणून कवचामुळे मधला भाग ताठ झाला, तरी रुळाची सुरक्षितता एकट्या पोलादी दंडाच्या बळावरच तपासली पाहिजे. दोन धातूंचा दंड हा सांधा धरून आहे तोपर्यंतच एक दंड असतो. कोन काढल्यानंतर सांधा तपासल्याशिवाय हे गणित पूर्ण होत नाही.