भुसभुशीत बर्फावरचा पक्का रस्ता

अंबरनाथ-बदलापूरजवळच्या जांभूळ गावात बर्फ पडत नाही. पण बर्फात माणूस का रुततो, हे तिथल्या विद्यार्थ्याला जुलैतले भाताचे खाचर शिकवू शकते. चिखलात पाय खोल जातो. तिथेच रुंद फळी टाकून तिच्यावर उभे राहिले, तर फारसे रुतायला होत नाही. वजन तेच, क्षेत्रफळ वाढल्यामुळे दाब घटतो.

कॅनडातील क्वेबेक प्रांतात १९३४ च्या जानेवारीत जोसेफ-आर्मांद बोंबार्दिए या मेकॅनिकचा दोन वर्षांचा मुलगा दगावला. रस्ते बर्फाने बंद होते, रुग्णालय गाठता आले नाही. बर्फावर चालणाऱ्या वाहनाची त्याची खटपट आधीपासूनच चालू होती. दातेरी चाकाने फिरणाऱ्या रुंद पट्ट्याचे पेटंट त्याला १९३७ मध्ये मिळाले. १९५९ मध्ये त्याची छोटी गाडी बाजारात आली. तीच आजची स्नोमोबाइल. गुलमर्गला गेलेल्यांनी ती पाहिली असेल.

आता हिशोब करू. ६० किलोचा माणूस चालताना एका पायावर येतो. तळव्याचे क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर धरले, तर दर चौरस सेंटिमीटरला ०.३ किलो भार पडतो. स्वारासह गाडी ३०० किलो आणि पट्ट्याचा टेकलेला भाग ५,००० चौरस सेंटिमीटर धरला, तर भार फक्त ०.०६ किलो. पाचपट जड गाडी पाचपट कमी दाब देते!

मात्र वर्दळ वाढली की वाटेवर उंचवटे आणि खळगे होतात. क्वेबेकमध्ये अशा वाटांचे जाळे ३० हजार किलोमीटरांहून मोठे आहे, आणि त्यांची सतत निगा राखावी लागते. ट्रॅक्टरमागे ओढलेली पाती उंचवटे कापतात, बर्फ घुसळतात. मागचा सपाट पत्रा तो दाबतो. हे काम बहुधा रात्री करतात. का?

दाबल्याने कण जवळ येतात, पण घट्टपणा नंतर येतो. कण जिथे टेकतात तिथे पाण्याचे रेणू हळूहळू जमून बर्फाचा सांधा तयार होतो. त्यासाठी थंडी हवी आणि काही तास विश्रांतीही. लगेच गाड्या धावल्या, तर कोवळे सांधे तुटतात व मेहनत वाया जाते.

वर्गासाठी प्रयोग: गोळेवाल्याकडचा बर्फाचा कीस दोन वाट्यांत घ्यावा. एकीतला चमच्याने दाबावा, दुसरीतला सैल ठेवावा. दोन्ही वाट्या फ्रीजरमध्ये ठेवाव्यात. तासाभराने आणि दुसऱ्या दिवशी पेन्सिलीने टोचून पाहावे. कोणता कीस अधिक घट्ट झाला, आणि तो दाबल्यामुळे की वेळेमुळे? उत्तर विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे, असे आम्हाला वाटते.